राजाची मांड

छाप उचलताना सिल्वेस्त्रो काकांचं तोंड कधी बंद नसे. मासळी महागली, सून तिरकं बोलते, गुडघा धरतो, सगळं गाऱ्हाणं छापायच्या चरकाच्या चाकाबरोबर गरगर फिरत असायचं. त्या सकाळी मात्र ओला कागद तांब्याच्या पत्र्यावरून अर्धा सुटला आणि काकांचं वाक्य मधेच तुटलं.

"काय झालं? फाटला का?" कार्मोझिनाने विचारलं. ती खिडकीपाशी हाताची काजळी पुसत होती.

"फाटला असता तर मेणबत्ती लावली असती मी देवळात. इकडे ये पोरी. आधी दार लाव."

तिने दार लावलं आणि चरकापाशी आली. कागदावर स्पेनचे महाराज होते. मागच्या दोन पायांवर उठलेला घोडा, हातात सेनापतीची काठी, खाली नेपल्सचा समुद्र, पलीकडे धूर सोडणारा व्हेसुव्हियस, वर मुकुट धरून उडणारे दोन देवदूत. चेहराही महाराजांचाच होता. ती लांब हनुवटी, तो जाड ओठ, त्या वर वळवलेल्या मिशा. आणि गळपट्टीच्या खाली तिचा नवरा बसला होता.

"तिबेरियो," काका कुजबुजले. "सगळाच्या सगळा तिबेरियो. मुंडकं तेवढं दुसऱ्याचं."

"तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तसं दिसतंय, काका. चिलखत आहे अंगावर. कोण ओळखतंय?"

"कोण ओळखतंय? अगं, मी जन्मात गाढवावर बसलो नाही, आणि मला ओळखू आला! ह्या गावातल्या सरदारांना काय, ते तर बायकोपेक्षा घोड्याकडे जास्त बघतात. तो डावा पाय बघ. ती खाली गेलेली टाच बघ. असा दुसरा कोण बसतो, सांग मला!"

ती काय सांगणार? दुसरा कोणी बसत नव्हता. तिबेरियो लहान असताना एका शिंगराने त्याचा घोटा मोडला होता आणि तो हाडवैद्याने वाकडाच बसवला. त्यामुळे डावी टाच सगळ्यांपेक्षा खाली, चवडा बाहेर, भार किंचित उजव्या कुल्ल्यावर, आणि लगामाचा हात बेंबीपाशी, जणू हातात लगाम नाहीच, घोडा आपल्या मर्जीनेच नाचतोय. राजाच्या पागेतला तो घोडे शिकवणारा. सरदारांची पोरं त्याची ही बसायची मांड उचलायला बघायची आणि धुळीत पडायची. दूर पुलावर घोडेस्वार दिसला की चेहरा दिसायच्या आत बायका धुणं धुता धुता म्हणायच्या, तिबेरियो आला.

आता तुम्ही म्हणाल, बाई राजाचं चित्र काढते आणि खाली नवरा बसवते, डोकं ठिकाणावर आहे का तिचं? पण राजांची चित्रं अशीच होतात. माद्रिदच्या महाराजांनी नेपल्समध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि ठेवणारही नव्हते. त्यांचं डोकं यायचं बोटीने, तळहाताएवढ्या चित्रात, रेशमात गुंडाळून. धड इथलंच घ्यायचं. तिच्या वडिलांनी ह्याच सान बियाजोच्या गल्लीत ह्या महाराजांच्या आजोबांचं धड एका खाटकावरून काढलं होतं, आणि दरबारात वाहवा झाली होती. कार्मोझिनाने गेल्या वसंतात नवऱ्याला उसनं चिलखत चढवलं, घोड्यावर बसवलं, काढलं, तांब्यावर उतरवलं, तेजाबात बुडवलं. तेव्हा तिबेरियो कोणाच्या डोळ्यात खुपत नव्हता.

मग उन्हाळ्यात फळांवरच्या करपट्टीवरून गाव पेटलं. बाजारात दगड चालायला लागले. घोडदळाचा कप्तान सरदार मार्झियो पागेत आला आणि म्हणाला, घोडे काढा, गर्दीवर घालायचेत. तिबेरियोने मागचं फाटक उघडलं आणि सगळीच्या सगळी पागा शेतात हाकलून दिली. गर्दीत बायका होत्या, पोरं होती. कप्तानसाहेबांना टाचांचे काटे खणखणवत पायी पळावं लागलं आणि पोरांनी मागून हाताला येईल ती फळं फेकली. गाव थंड झालं, महाराजांच्या नावाने इथे राज्य करणारे जुने व्हाइसरॉय गेले, नवे आले, आणि तिबेरियो विकारियाच्या तुरुंगात गेला. महाराजांचे घोडे महाराजांच्या कामापासून पळवले, म्हणून फाशी. महाराजांच्या वाढदिवसानंतर.

हिवाळ्यात व्हाइसरॉयचे चिटणीस बेर्मूदेस दुकानात आले. कोरडा, कामाचा माणूस. म्हणाले, "ते अर्धवट राहिलेलं चित्र वाढदिवसाला पुरं हवंय. पसंत पडलं तर त्या दिवशीच्या माफीत तुमच्या नवऱ्याचं नाव मी घालतो. शब्द देतो." त्या शब्दावर ती तीन महिने जगली. डोकं कोरलं, आभाळ भरलं, देवदूतांची पिसं न् पिसं केली.

पण चूक झाली ती इथे. तांब्यावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. तीन महिने तिच्यासमोर होता तो उजव्या पायाने वाकडा, डाव्या हाताने काठी धरलेला कोणी परका. तिला त्यात नवरा दिसला नाही. एखादा छाप काढून बघितला असता तर दिसला असता. पण राजाचं बिनडोक्याचं धड छापणं म्हणजे नेपल्समध्ये हात तोडून घ्यायचं काम. अपशकुनही तो आणि राजद्रोहही तो. डोकं पुरं होईपर्यंत छाप काढायचा नाही, हा धंद्याचा नियम वडिलांनी तिला लहानपणीच शिकवला होता. तो तिने पाळला आणि आज पहिला छाप निघाला.

"पाय खरवडून टाक," काका म्हणाले. "सरळ कर. पुस्तकातल्यासारखा."

"आठ दिवसांचं काम आहे. आणि गाडी आत्ता येईल."

"मग जाऊ नकोस! मी सांगतो, ताप भरलाय. भ्रमात बडबडतेय."

"आणि जहाज? पहिला कागद आजच्या वाऱ्याला माद्रिदला जायचाय. आज नाही दाखवला तर चिटणीस दुसऱ्याचं दार ठोठावेल. मग त्याचा शब्द कुठला आणि माफी कुठली?"

काकांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तो मार्झियो असेल तिथे."

"असेल."

"त्याने नुसतं तोंड उघडलं तर राजाच्या डोक्याखाली गुन्हेगाराचं धड लावलं म्हणून तुलाही टांगतील. नवरा-बायको शेजारी शेजारी."

तिने ओला कागद फळीवर ताणून बसवला.  बाहेर गाडीची चाकं वाजली.

राजवाड्याच्या दालनात नवे व्हाइसरॉय उंच खुर्चीत चॉकलेट पीत बसले होते. बारीक अंगाचे, पिवळट, झोप न झालेल्या डोळ्यांचे. भिंतीशी नेपल्सचे सरदार काळ्या कपड्यांत उभे होते, आणि त्यांच्यात पुढेच, कमरेवर हात ठेवून, मार्झियो. चिटणीसांनी फळीवर ताणलेला कागद तिपाईवर ठेवला आणि वरचं कापड ओढलं.

व्हाइसरॉयनी वाकून पाहिलं. "छान," ते म्हणाले. "चेहरा अगदी तोच. मी माद्रिदला रोज बघत होतो. बाई, हात चांगला आहे तुझा."

"हुजुरांची कृपा," कार्मोझिना म्हणाली. तिच्या जिवात जीव यायला लागला. हा स्पेनचा माणूस फक्त चेहरा बघत होता.

"या, बघा तुम्हीही," व्हाइसरॉयनी सरदारांना हात केला. "तुम्हाला घोड्यातलं कळतं म्हणे."

सरदार पुढे सरकले. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेपल्सचा माणूस आधी घोडा बघतो, मग लगामाचा हात, मग पाय. पायावर नजर गेली आणि पहिली रांग गप्प झाली. मग दुसरी. कोणीतरी एकाने शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. मागे एक म्हातारा सरदार फिसकन हसला, आणि मग ते हसू खोकल्यात दडपायला बघायला लागला. खोकून खोकून लाल झाला बिचारा.

व्हाइसरॉयनी पेला खाली ठेवला. परक्या गावात सत्ता चालवणाऱ्या माणसाला एक भीती सदा असते, आपल्या मागे हे लोक हसतात की काय. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

सरदार आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"मी विचारलं, काय झालं? महाराजांच्या चित्रासमोर हसण्यासारखं काय आहे?"

"खोकला, हुजूर," म्हातारा म्हणाला. "छातीत धरतं. थंडीचे दिवस."

"आणि बाकीच्यांना काय धरलंय?" व्हाइसरॉयची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत गेली. "सरदार मार्झियो. घोडदळाचे कप्तान तुम्ही. तुम्ही सांगा. ह्या चित्रात काही चुकलंय का?"

 मार्झियो चित्रासमोर येऊन उभा राहिला. त्याने टाच बघितली, चवडा बघितला, बेंबीपाशी धरलेला तो सैल हात बघितला. मग हळूच मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं होतं त्याने. ज्या माणसापायी आपण पायी पळालो त्याला ओळखायला त्याला चेहऱ्याची काय गरज?

"ही मांड..." मार्झियो म्हणाला आणि थांबला.

"काय, मांड चुकलीय? महाराज असे बसत नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

आता मार्झियोच्या लक्षात आलं आपण कुठे उभे आहोत ते. नाही म्हणावं, तर महाराज कसे बसतात हे तू कधी पाहिलंस, हा सवाल येणार. नेपल्समधल्या एकानेही महाराजांना घोड्यावर काय, खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. आणि ही मांड पागेतल्या तिबेरियोची म्हणावं, तर महाराज घोडे शिकवणाऱ्या नोकरासारखे दिसतात हे शब्द भर दरबारात ह्याच्याच तोंडून जाणार. वर लोक विचारणार, कोण तिबेरियो? तोच का, ज्याने तुम्हाला पळवलं? मागे सगळे सरदार माना खाली घालून वाट बघत होते. त्यांना मजा येत होती, मेल्यांना.

"महाराजांचीच मांड आहे, हुजूर," मार्झियो म्हणाला. एकेक शब्द दाताखालून काढत होता. "अगदी राजेशाही."

"बाकीच्यांचं?"

"राजेशाही," सरदार म्हणाले. "वा, काय मांड!" "असं बसणं जन्मातच असावं लागतं, हुजूर." खोकणारा म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, की असा पाय त्याने आयुष्यात एकदाच पाहिला आणि तो ह्या चित्रात.

चिटणीसांनी कागदावर कापड टाकायला हात पुढे केला. कार्मोझिनाने श्वास सोडला. संपलं होतं. आता हे सही करतील, जहाज जाईल, वाढदिवस येईल, विकारियाचं दार उघडेल.

"फक्त एक गोष्ट, हुजूर," मार्झियो म्हणाला.

त्याचा आवाज आता मोकळा झाला होता. तो हसत होता.

"हा कागद उद्या घराघरांत लागणार. न्हाव्याच्या दुकानात, खानावळीत, चर्चच्या दारात. गाव महाराजांची मांड ओळखायला लागणार. ते चांगलंच आहे. पण ह्याच गावात एक माणूस आहे, हुजूर, जो नेमका असाच बसतो. पागेतला नोकर. सध्या विकारियात आहे. ऐकतो की त्याला माफी मिळणार."

"मग?"

"मग तो घोड्यावर बसून बाजारातून जाईल. लोक भिंतीवर बघतील, रस्त्यात बघतील, आणि म्हणतील, अरे, हे बघा महाराज चालले! टोप्या काढतील, हुजूर. त्याच बाजारात, जिथे उन्हाळ्यात दगड पडले."

दालनात परत कोणी खोकलं नाही. कापड धरलेला चिटणीसांचा हात तसाच राहिला. ते वाकून व्हाइसरॉयच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि व्हाइसरॉयचा चेहरा अधिकच पिवळा झाला.

"तिबेरियो," व्हाइसरॉय म्हणाले. "हा तो घोडेवाला? हा माफीत कसा?"

"मीच घातलं होतं नाव, हुजूर. मामुली माणूस आहे..."

"मामुली माणसासाठी लोक टोप्या काढणार असतील तर तो मामुली नाही. नाव काढा. फाशी झाली की मांडही गेली, प्रश्न मिटला." आणि त्यांनी परत पेल्याकडे हात नेला.

एवढंच. एका माणसाचा जीव पेला उचलताना गेला. कार्मोझिनाला कळायच्या आत ती गुडघ्यांवर होती.

"हुजूर, तो बसणार नाही!"

"काय?"

"घोड्यावर. तो परत कधीच घोड्यावर बसणार नाही. माझा शब्द घ्या. आज, उद्या, मरेपर्यंत नाही."

"तू कोण त्याची?"

तिने एकदा चिटणीसांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघेनात. "बायको," ती म्हणाली.

व्हाइसरॉयचा हात पेल्यावर थांबला. ते मूर्ख नव्हते. मूर्ख माणसं माद्रिदहून नेपल्सला पाठवत नाहीत. त्यांनी गुडघ्यांवरच्या बाईकडे बघितलं, मग चिटणीसांच्या हातातलं कापड बाजूला केलं आणि ह्या खेपेला चेहरा सोडून बाकीचं चित्र बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. 

"बाई," ते अगदी हळू म्हणाले. "ही मांड कोणाची?"

आपण आता मरणार, असं तिला वाटलं. पण त्या भीतीच्याही खाली एक राग होता, ह्या सगळ्यांचा, कमरेवर हात ठेवून हसणाऱ्या त्या माणसाचा, आणि तो रागच बोलला.

"महाराजांची, हुजूर. माझ्या नवऱ्याची असती तर सरदार मार्झियोंनी ओळखली नसती का? आत्ता सगळ्यांसमोर तेच म्हणाले, महाराजांचीच म्हणून. एवढे घोड्यातले जाणकार, ते हुजुरांशी खोटं बोलतील?"

मार्झियोच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच वाळलं. व्हाइसरॉयनी त्याच्याकडे पाहिलं, सरदारांच्या रांगेकडे पाहिलं. ही मांड नोकराची असं आता ठरवलं, तर हे सगळे आपल्या तोंडावर आपल्याला हसले, हेही ठरवावं लागणार. मग सगळ्यांनाच शिक्षा, नाहीतर गावभर छी थू. आणि माद्रिदला काय कळवायचं? महाराजांच्या वाढदिवसाला चित्र नाही, कारण त्यांच्या धडाबद्दल घोळ झाला? खाली बंदरात जहाज वाऱ्याची वाट बघत उभं होतं.

"बरोबर," व्हाइसरॉय म्हणाले. "सरदार खोटं बोलणार नाहीत. महाराजांचीच मांड. आणि ती महाराजांकडेच राहील. चिटणीस, लिहा. हा तिबेरियो सुटेल. पण तो घोड्यावर बसायचा नाही, खेचरावर नाही, गाढवावर नाही. नुसता चढलेला दिसला तरी पुन्हा विचारणा नाही, त्याच संध्याकाळी दोर. त्याच्यासाठी शब्द तू देतेस, बाई?"

"मी देते, हुजूर."

"त्याला मान्य असेल?"

"मी देते," ती परत म्हणाली.

जिन्यावर मार्झियोने तिला गाठलं. तो रागावलेला नव्हता. त्याने टोपीसुद्धा काढली. "जीभ चांगली चालते तुझी," तो म्हणाला. "मी त्याचा फक्त जीव मागितला होता. तू तर सगळंच दिलंस." आणि टाचांचे काटे खणखणवत तो पुढे गेला. बाहेर त्याचा घोडा धरून ठेवलेला होता.

महाराजांच्या वाढदिवशी सकाळपासून किल्ल्यावरून तोफा वाजत होत्या. गल्लीगल्लीत तो कागद लागला होता. लोक त्याच्यासमोर गर्दी करत होते, एकमेकांना कोपरं मारत होते, डोळे मिचकावत होते, आणि मग मोठ्या अदबीने टोप्या काढत होते. शिपाई खूश होते. नेपल्सचं महाराजांवर एवढं प्रेम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सिल्वेस्त्रो काकांचा चरक थांबत नव्हता, आणि काका गुडघा विसरून गेले होते.

विकारियाच्या फाटकातून तिबेरियो बाहेर आला तेव्हा कार्मोझिनाला आधी तो दिसलाच नाही. वाळून लाकूड झाला होता. दाढी वाढलेली, डोळे उजेडाला मिटलेले, डावा पाय ओढत चालणारा एक माणूस. ती धावली. त्याच्या गळ्यात पडून ती एवढी रडली, एवढी रडली, की पहारेकऱ्यानेही तोंड फिरवलं. तिबेरियोच्या अंगाला कुबट वास येत होता तरी तिच्याने त्याला सोडवेना.

"पुरे, पुरे," तो हसत म्हणाला. "जिवंत आहे मी. बघ. पाव आणलायस का काही?"

तिने फडक्यातला पाव काढला, चीज काढलं. तो उभ्यानेच खायला लागला. खाता खाता त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर गेली, इकडे गेली, तिकडे गेली.

"कोणता आणलायस?" त्याने विचारलं.

"काय?"

"घोडा गं. पागेतून नसेल दिला, पण भाड्याचा तरी? मी तिथे आत रोज मनातल्या मनात एकेकावर बसत होतो. म्हणूनच वेडा नाही झालो. कुठे बांधलायस?"

घरी नेऊन, जेवू घालून, आंघोळ झाल्यावर सांगायचं असं तिने ठरवलं होतं. पण तो बघतच राहिला रस्त्याकडे, आणि तिला तिथेच सांगावं लागलं. चित्र, दालन, मार्झियो, शब्द. ती सांगत गेली तसा तो घास चावायचा थांबला.

"खेचरावर?" तो म्हणाला.

"नाही."

"गाढवावरसुद्धा नाही?"

"नाही, तिबेरियो."

"गाडीत बसता येईल?"

"गाडीत येईल."

"पोत्यासारखं." त्याने उरलेला पाव फडक्यात परत ठेवला, नीट गुंडाळला. रस्त्यापलीकडे भिंतीवर तो कागद लावलेला होता. गर्दीतल्या एकाने तिबेरियोला खांद्याने बाजूला सारलं, चित्र बघायला पुढे गेला आणि टोपी काढली. तिबेरियो त्या कागदाकडे बघत होता. चांगलं काढलं होतं तिने. त्याने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं.

"ही अट मार्झियोने घातली ना?" त्याने विचारलं. "त्याच्याच डोक्यातलं आहे हे."

हो म्हणायला काय हरकत होती? एक शब्द, आणि सगळा राग मार्झियोच्या अंगावर गेला असता. दोघांनी मिळून त्याला जन्मभर शिव्या घातल्या असत्या.

"नाही," ती म्हणाली. "मी घातली. त्यांनी मागितली नव्हती. मीच देते म्हणाले."

तिबेरियोने तिच्याकडे पाहिलं. "मला विचारायचं तरी होतंस."

"वेळ कुठे होता?"

"आणि असता तर?"

 किल्ल्यावरून पुन्हा तोफ वाजली आणि भिंतीवरची कबुतरं उडाली.

"असता तरी विचारलं नसतं," ती म्हणाली. "तू काय म्हणाला असतास, ते मला ठाऊक होतं."

त्याने ते नाकारलं नाही. ती वाट बघत राहिली, काहीतरी बोल, ओरड, हात उगार, पण काहीतरी कर. मागून कोणा सरदाराची घोडी दौडत आली, वरचा माणूस "बाजूला!" म्हणून ओरडला, आणि तिबेरियो बाकीच्या पायी माणसांबरोबर भिंतीला चिकटून उभा राहिला.